गज आणि कागद

आमच्या घरात 'गज' या शब्दाला एकच अर्थ होता. घोड्याच्या शेपटीचे केस ताणून बांधलेला, सारंगीच्या तारांवरून फिरणारा तो गज. वडील दरबारी सारंगिये. १९४६ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, आजोबांच्या मागे बसून ते एका अमिराच्या हवेलीत साथीला जाऊ लागले आणि पुरती तीन वर्षे होतात न होतात तोच तो दरबार उठला. मी त्यांच्या उतारवयातले शेंडेफळ. दरबार काही माझ्या वाट्याला आला नाही, गज तेवढा आला. आज माझी चाळिशी केव्हाच उलटली आहे, काचीगुड्याला संगीताचे वर्ग चालवतो, आणि संध्याकाळी वर्ग सुटल्यावर पालकमंडळी व्हरांड्यात उभी राहून "तिकडे सध्या काय गज चाललाय?" असे एकमेकांना विचारतात तेव्हा तो गज सारंगीचा नसतो हे मला आता कळू लागले आहे.

महाराष्ट्रातून नव्याने इथे आलेल्या वाचकांसाठी सांगतो. हैदराबादेत जमीन चौरस फुटांनी विकत नाहीत, गजांनी विकतात. एक गज म्हणजे एक चौरस यार्ड, नऊ चौरस फूट. आपल्या ओळखीचा गुंठा १२१ गजांचा, चाळीस गुंठ्यांचा एकर ४,८४० गजांचा. एवढे पाढे पाठ असले की माणूस या शहरात गप्पांना बसायला मोकळा होतो. ऑगस्ट २०२३ मध्ये कोकापेटच्या सरकारी लिलावात एका भूखंडाला एकरी १०० कोटी ७५ लाखांची बोली लागली, तेव्हा आमच्या व्हरांड्यात दोन मिनिटांत भागाकार झाला: गजाला २ लाख ८ हजार! तानपुरा जुळवायला याच मंडळींच्या मुलांना अर्धा तास लागतो.

या भागाकाराचा परिणाम असा झाला की ज्याच्या गाठी वीस-तीस लाख रुपये आहेत, असा प्रत्येक निवृत्त गृहस्थ आपल्याला उशीर झाला अशा समजुतीने घाईला आला आहे. आणि घाईला आलेली ही मंडळी माझ्याकडे येतात. मी काही जमिनीतला जाणकार नव्हे. पण वडिलांच्या बंदिशींच्या वह्या उर्दूत होत्या, त्याही घसरत्या शिकस्ता वळणाच्या. त्या वाचण्यासाठी मी लहानपणी ती लिपी शिकलो. निजामी अमदानीतले जमिनीचे कागद त्याच वळणाचे असतात. ते वाचू शकणारी माणसे आता थोडी उरली आहेत, आणि मराठी बोलणारी त्याहून थोडी. त्यामुळे कोणी आजोबांचा बैनामा घेऊन येतो, कोणी नांदेड-परभणीकडून खासऱ्याची नक्कल घेऊन येतो. पंधरा-सोळा वर्षे हे वाचता वाचता जे ध्यानात आले, ते आज थोडे विस्ताराने लिहावे म्हणतो. कारण नवखा माणूस पहिला प्रश्न भावाचा विचारतो आणि या शहरात भाव हा शेवटचा प्रश्न आहे.

पहिला प्रश्न असा की ही जमीन १९४९ पूर्वी कोणाची होती?

हे जुने उकरून काय काढायचे, असे कोणी म्हणेल. पण हैदराबाद संस्थानात जमीन एका जातीची नव्हती. काही दिवाणी, म्हणजे सरकारी महसुलाखालची. काही सर्फ-ए-खास, म्हणजे खुद्द निजामांच्या खाजगी खर्चासाठी राखलेली. काही पायगा अमिरांची, काही जहागीरदारांची, काही संस्थानिकांची. त्यांच्या पोटात पुन्हा लहान-मोठी इनामे: काझीचे, देवळाचे, दर्ग्याचे, आणि चाकरीबद्दल दिलेले खिदमत इनाम. १९४९ च्या फेब्रुवारीत सर्फ-ए-खास दिवाणीत विलीन झाले, ऑगस्टात जहागिऱ्या गेल्या, १९५५ साली इनामे रद्द करणारा कायदा आला. म्हणजे शहराभोवतीच्या हजारो एकरांचा धनी सहा-सात वर्षांत बदलला. जमीन जागच्या जागी राहिली; कागद मात्र ट्रंकांत, कचेऱ्यांत आणि पुढे दलालांच्या पिशव्यांत गेले.

याचा परिणाम किती लांब पोचतो याची दोन उदाहरणे देतो. हुसेनसागर ज्यांच्या नावाने ओळखला जातो त्या हुसेन शाह वलींचा दर्गा मणिकोंड्याच्या बाजूला आहे. त्या गावाचे नाव सरकारी दप्तरात आजही 'मणिकोंडा जहागीर' असेच आहे. तिथली १,६५४ एकर ३२ गुंठे जमीन दर्ग्याची वक्फ की सरकारची, असा वाद लागला. दरम्यान त्या जमिनीवर इन्फोसिस, मायक्रोसॉफ्ट यांच्यासारख्या कंपन्या आणि इंडियन स्कूल ऑफ बिझनेस उभी राहिली. २००६ साली वक्फ बोर्डाची अधिसूचना निघाली, आणि ७ फेब्रुवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने जमीन सरकारची असल्याचा निकाल दिला. ज्यांच्यापाशी वकिलांच्या फौजा आहेत अशांनाही कुतुबशाहीतल्या एका सत्पुरुषाच्या दर्ग्याचा इतिहास वाचावा लागला.

दुसरे उदाहरण आमच्या वकिलांच्या तोंडी नेहमी असते: १९५८ चा दिवाणी दावा क्रमांक ७. पायगा घराण्यातल्या नवाब खुर्शीद जाह यांच्या मिळकतीच्या वाटणीचा हा दावा. १९६३ साली त्यात प्राथमिक हुकूमनामा झाला, आणि मग त्या हुकूमनाम्यातले हिस्से लोक विकत घेऊ लागले. जमीन नव्हे, हुकूमनाम्यातला हिस्सा! हैदरनगरच्या जमिनीचा त्यातला एक तंटा सर्वोच्च न्यायालयात जाऊन निकालात निघाला तो जून २०२३ मध्ये. वाटणीच्या दाव्यात वारसांनी आपसांत करून घेतलेला हुकूमनामा बाहेरच्या माणसाला बांधत नाही, हे सांगायला साठ वर्षे गेली. ज्यांनी मधल्या काळात ते हिस्से मोलाने घेतले त्यांच्यात नवखे किती असतील कोण जाणे.

आता माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांची हकीकत सांगतो. माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील. रेल्वेच्या हिशेब खात्यात छत्तीस वर्षे काढलेली, दोन पैशांची चूक तीन दिवस शोधणारी व्यक्ती. मी त्यांना काका म्हणतो, ते मला मास्तर. निवृत्तीचे पैसे हाती आले आणि शंकरपल्लीच्या रस्त्याला दोनशे गजांचा तुकडा, गजाला पंधरा हजार, असा सौदा त्यांनी जवळजवळ ठरवला. तीस लाखांची गोष्ट. पन्नास हजार बयाणाही दिला. एका रविवारी ते दलालालाच बरोबर घेऊन आले.

"मास्तर, एवढा एक कागद वाचून सांगा. बाकी सगळं इंग्रजीत आहे, ते मी पाहिलंय."

दलाल गोड माणूस. अस्सल दखनीत म्हणाला, "मास्टरसाब, नवाबाँ के कागजाँ हैं ये. इसमें शक नक्को करो."

कागदाची झेरॉक्स होती. अक्षर सुरेख होते, खरे सांगायचे तर जरा जास्तच सुरेख. एका जहागीरदाराच्या मुखत्याराने, जहागिरीच्या हक्काने, अमुक सर्व्हे नंबर अमक्याला विकल्याचा बैनामा. खाली साल फसली १३६१, महिना बहमन. हैदराबादच्या फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन येतो. वर्ष आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होई. १३६१ अधिक ५९०, म्हणजे १९५१. त्या साली हिवाळ्यात एक जहागीरदार जहागिरीच्या हक्काने जमीन विकतो आहे, आणि जहागिऱ्या तर १९४९ च्या ऑगस्टात संपल्या होत्या!

मी काही बोललो नाही. वहीच्या कडेला बेरीज मांडून वही काकांपुढे सरकवली. छत्तीस वर्षे हिशेब तपासलेला माणूस. त्यांना दुसरे काही सांगावे लागले नाही. दलाल चहा न घेता गेला.

नंतर वकिलामार्फत पाहता असे निघाले की तो सर्व्हे नंबर नोंदणीला मनाई असलेल्या यादीतच होता. नोंदणी कायद्याच्या कलम २२-अ खालची ही यादी सरकार संगणकावर ठेवते आणि ती पाहायला पैसे पडत नाहीत. काकांनी ती पाहिली नव्हती, कारण अशी यादी असते हेच त्यांना कोणी सांगितले नव्हते. दलालाने त्यांना सुचवलेला मार्गही ठरलेलाच होता: "रजिस्ट्री बाद में, पहले जी.पी.ए. कर लेंगे." मुखत्यारपत्रावर, म्हणजे जी.पी.ए.वर, झालेली विक्री ही विक्रीच नव्हे असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्वच्छ सांगितले आहे. तरीही आमच्या शहरात हा शब्द दुधात साखर विरघळावी तसा बोलण्यात विरघळतो.

नवख्याच्या मनात एक गैरसमज फार खोल असतो, तो इथेच काढून टाकावा. रजिस्ट्री झाली म्हणजे मालकी सिद्ध झाली असे नव्हे. आपल्या देशात नोंद होते ती दस्ताची. विकणाऱ्याच्या मालकीची हमी सरकार घेत नाही. दुसऱ्याची जमीन मी तुम्हाला विकली आणि दस्त नोंदवला, तर नोंद खरी आणि विक्री खोटी अशी गंमत होऊ शकते. म्हणून मागचे कागद साखळीने मागायचे. इथे त्यांना 'लिंक डॉक्युमेंट्स' म्हणतात. बोज्याचा दाखला, म्हणजे ई.सी., काढायचा. तो संगणकावर १९८३ पासूनचा मिळतो, त्याच्या आधीचा कचेरीत जाऊन काढावा लागतो, आणि बहुतेक गोम त्या आधीच्या काळातच असते. शेतजमीन असेल तर पहाणी पाहायची. आपल्या सातबाऱ्याची ही सख्खी चुलत बहीण. त्यातही १९५४-५५ ची खासरा पहाणी जुनी आणि वजनदार. तिच्याही मागे जायचे तर मोजणीच्या वेळचे सेतवार. ज्याची जमीन खरी असते तो हे कागद तोंड वाकडे न करता देतो, असा माझा अनुभव आहे. भूमिहीनांना सरकारने वाटून दिलेली जमीन असेल तर १९७७ च्या कायद्याने ती विकताच येत नाही, मग विकणारा कितीही गरीब आणि घेणारा कितीही सज्जन असो.

२०२० साली 'धरणी' नावाचे संगणकी दप्तर आले. शेतजमिनीची नोंद आणि फेरफार एकाच टेबलावर होऊ लागला, आणि ज्यांची नावे चुकली त्यांना दाद मागायला टेबलच उरले नाही अशी ओरड झाली. २०२५ साली त्याच्या जागी 'भू भारती' कायदा आला. नावे गोड असतात. पण यंत्रात जे घातले तेच बाहेर येते, आणि घालणाऱ्याने ते जुन्या पहाणीवरूनच घातलेले असते.

इथे आमच्या घरातली एक गोष्ट सांगणे भाग आहे, कारण हे खोटे कागद जन्माला कसे येतात हे तिच्यावाचून कळणार नाही.

आजोबांना त्या अमिराकडून नऊ एकरांचे खिदमत इनाम होते. सनद आमच्या ट्रंकेत होती. शाईचा रंग तपकिरी झालेला, कोपऱ्यात मोहोर. जमीन आम्ही कोणी कसली नाही. ती कसणारी कुटुंबे वेगळी होती, ती आजोबांना धान्य पाठवीत. १९५५ च्या कायद्याने इनाम गेले, जमीन सरकारात जमा झाली, आणि १ नोव्हेंबर १९७३ ला जो ती स्वतः कसत होता त्याला कब्जेदारीचा हक्क मागण्याची सोय झाली. त्या हक्काच्या दाखल्याला इथे ओ.आर.सी. म्हणतात. हा दाखला कसणाऱ्यांना मिळाला, आणि न्यायाने मिळाला. वडिलांना त्याचे वैषम्य कधी वाटलेले मी पाहिले नाही. ते म्हणत, जमीन वाजवण्याबद्दल दिली होती. वाजवणे थांबले, जमीनही थांबली.

वडील २००९ साली गेले. वर्षभरातच एक माणूस आला. त्याला जमीन नको होती; ती आमची नाही हे त्याला आमच्याइतकेच ठाऊक होते. त्याला सनद हवी होती, आणि आम्हा भावांच्या, वारस म्हणून, एका मुखत्यारपत्रावर सह्या. प्रत्येक सहीला दोन लाख रुपये. नऊ एकर तोवर शहराच्या वेशीत आले होते. थोरले बंधू नांदेडला, मुलीचे लग्न तोंडावर आलेले. ते म्हणाले, "आपण खोटं काय बोलतोय? सनद खरी आहे, आपण वारस खरे आहोत. पुढे तो काय करतो ते त्याचं तो पाहील." बोलणे बिनतोड होते. सनद खरी, वारस खरे, आणि त्यातून निघणारी विक्री सर्वस्वी खोटी! मी सही दिली नाही आणि सनदही दिली नाही. बंधू दीड वर्ष माझ्याशी बोलले नाहीत. लग्न कर्ज काढून झाले आणि त्या कर्जातला काही भाग मी फेडला.

त्या दिवशी सही झाली असती तर ती सनद आज कुणाच्या तरी फाईलीत पहिला 'लिंक' कागद म्हणून बसली असती. कोणी ती दोन-दोनशे गजांत फोडून विकली असती, आणि कसणाऱ्यांच्या नातवंडांना कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या असत्या. तेव्हा विकणारा सनद दाखवू लागला तर मोहोरेकडे कौतुकाने पाहून घ्यावे आणि शांतपणे विचारावे, "ओ.आर.सी. आहे का?" नसेल तर चहा पिऊन उठावे.

कागदानंतर पाणी. हे शहर तळ्यांचे आहे आणि तळ्यांनी ते वारंवार आठवून दिले आहे. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसीला पूर आला, त्यानंतर विश्वेश्वरय्यांना बोलावणे गेले आणि पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर बांधले गेले, हे आपल्याकडे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. पण ऑक्टोबर २०२० मध्ये ज्या वसाहती पाण्यात बुडाल्या त्यांतल्या कित्येक तळ्याच्या पोटात किंवा त्याच्या सांडव्याच्या वाटेवर होत्या, हे घर घेताना कोणाला ठाऊक होते? तळे पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येते त्या रेषेला इथे एफ.टी.एल. म्हणतात. दहा हेक्टर किंवा त्याहून मोठ्या तळ्याच्या कडेने तीस मीटर, लहान तळ्याच्या कडेने नऊ मीटर मोकळे सोडायचे असा बांधकामाचा नियम आहे. जुलै २०२४ मध्ये 'हायड्रा' नावाची यंत्रणा स्थापन झाली आणि तिच्या यंत्रांनी या रेषेच्या आतली बांधकामे पाडायला सुरुवात केली, तेव्हा पुष्कळांना एफ.टी.एल. हा शब्द प्रथम ऐकू आला. त्यांच्यापाशी रजिस्ट्री होती, काहींपाशी बँकेचे कर्जही होते.

उन्हाळ्यात भूखंड पाहायला जाऊ नये, असे माझे मत आहे. भाद्रपदात जावे, चार दिवस पाऊस लागून राहिल्यावर. माहितीपत्रकातली 'व्हॅली' आणि 'लेक व्ह्यू' ही नावे त्या दिवशी आपोआप खरी वाटू लागतात.

इथल्या बोलीत 'नाला' दोन प्रकारचा असतो, हेही महाराष्ट्रातून आलेल्यांना सांगून ठेवतो. एक पाण्याचा. दुसरा कागदावरचा: आपण ज्याला जमीन बिनशेती करणे म्हणतो त्याला इथे कायद्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'नाला' म्हणतात. घेण्याच्या जमिनीला दुसरा नाला असावा आणि पहिला नसावा. उलट असेल त्याला हल्ली 'फार्म प्लॉट' म्हणून विकतात. आंब्याची चार रोपे लावतात, तारेचे कुंपण घालतात, आणि रेखांकनाची मंजुरी नसलेला गुंठा-दोन गुंठ्यांचा तुकडा निसर्गाच्या सान्निध्यासह गळ्यात मारतात. मंजुरी नसलेल्या रेखांकनातल्या भूखंडांची नोंदणी सरकारने ऑगस्ट २०२० मध्ये थांबवली, मग दंड भरून ते नियमित करण्याच्या योजना निघाल्या. अशा योजना पुन्हा निघतील या भरवशावर घेणारे आहेत. पावसाच्या भरवशावर शेती करणारे निदान आभाळाकडे तरी पाहतात.

उस्मानसागर आणि हिमायतसागर यांच्या भोवतीच्या ८४ गावांचे प्रकरण निराळेच. १९९६ च्या १११ क्रमांकाच्या आदेशाने जलाशयांपासून दहा किलोमीटरच्या आत बांधकामावर कडक बंधने आली. २०२२ साली सरकारने त्या आदेशातली बंधने उठवल्याचा दुसरा आदेश काढला, तोही जलाशयांना धक्का न लागण्याच्या अटीवर. त्या दोन आदेशांच्या मधल्या फटीत दलालांची एक पिढी सुखाने नांदते आहे. नवख्याने त्या फटीत पाय घालू नये.

आता पैशाचा हिशेब, थोडक्यात. काकांचे तीस लाख घ्या. भूखंडाला मुद्रांक, हस्तांतर शुल्क आणि नोंदणी मिळून साडेसात टक्के पडतात: सव्वादोन लाख. म्हणजे गुंतवणूक सव्वाबत्तीस लाखांची झाली. हेच पैसे सात टक्के व्याजाने दहा वर्षे ठेवले असे धरा, तर सुमारे त्रेसष्ट लाख होतात. मोकळा भूखंड भाडे देत नाही. उलट कुंपण, राखण आणि 'कोणी खांब तर रोवला नाही ना' हे पाहायला महिन्यातून एक चक्कर, एवढे मागतो. तेव्हा दहा वर्षांनी भाव दुप्पट झाला म्हणून पेढे वाटणारा मनुष्य मुदत ठेवीच्या मागेच राहिलेला असतो. जमीन कधी तिप्पट-चौपट होतेही, नाही असे नाही. माधापूरला १९९८ साली सायबर टॉवर्स उभी राहण्याच्या आधी ज्यांनी खडकाळ माळ घेतला त्यांची नातवंडे परदेशात शिकतात. पण त्याच वेळी शहराच्या दुसऱ्या बाजूला घेतलेल्यांची कोणी गोष्ट सांगत नाही, कारण त्यांना सांगण्यासारखी गोष्ट घडलीच नाही.

फ्लॅट भाडे देतो, पण वर्षाकाठी किमतीच्या दोन-तीन टक्क्यांच्या आसपासच. तयार, राहते, वीस वर्षांचे जुने घर घेणे नवख्याला सोपे. भिंती दिसतात, शेजारी बोलतात. बांधकाम चालू असेल तर २०१६ च्या रेरा कायद्याखालचा नोंदणी क्रमांक पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये. त्या नोंदणीआधी जाहिरात करणे आणि विकणे कायद्याने मना आहे. नोंदलेला करार झाल्यावाचून बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांवर रक्कम घेता येत नाही, आणि ग्राहकांच्या पैशांतले सत्तर टक्के त्याच कामासाठी वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. तरी 'प्री-लाँच' नावाचा धंदा इथे भर दिवसा चालला: पाया खणण्याआधी पूर्ण पैसे द्या, अर्ध्या भावात फ्लॅट घ्या, तूर्त जमिनीतला अविभाजित हिस्सा तुमच्या नावावर करतो. त्यात अडकलेली दोन मराठी घरे माझ्या माहितीत आहेत. दोघांनाही सवलतीचा आकडा तोंडपाठ आहे, जमिनीचा सर्व्हे नंबर मात्र माहीत नाही.

आणि ज्याला हे काहीच झेपत नाही त्याच्यासाठी २०१९ पासून एक निराळी वाट निघाली आहे, 'रीट' नावाची. मोठमोठ्या कचेऱ्यांच्या इमारती एका न्यासाकडे असतात, त्याचे हिस्से शेअर बाजारात विकत मिळतात, आणि वाटण्याजोग्या रोख उत्पन्नातले निदान नव्वद टक्के हिस्सेदारांना वाटावे लागतात. ऑगस्ट २०२० मध्ये बाजारात आलेल्या माइंडस्पेस रीटच्या इमारतींत आपल्या माधापूरच्या इमारती आहेत. एक हिस्साही घेता येतो. भाव खाली-वर होतो, कचेऱ्या रिकाम्या पडल्या तर मिळकत घटते. पण सनद, सेतवार आणि तळे यांची धास्ती एका घरधन्याच्या डोक्यावर राहत नाही. आमच्या व्हरांड्यात मात्र याला किंमत नाही. जिथे रविवारी डबा घेऊन जाता येत नाही, जिथे हाताने दाखवून "त्या लिंबापर्यंत आपलं" म्हणता येत नाही, ती कसली जमीन, असा तिथला सवाल असतो. या सवालाला माझ्यापाशी उत्तर नाही. ज्याच्या बापजाद्यांनी आयुष्यभर भाड्याच्या खोल्या बदलल्या, त्याला आपल्या नावाचा दगड रोवावासा वाटतो. व्याजाच्या कोष्टकाने ती भूक कशी भागावी?

काकांचे म्हणाल, तर त्यांचा पन्नास हजारांचा बयाणा अजून परत आलेला नाही. दलालाचा फोन कधी लागतो, कधी लागत नाही. तीस लाखांतले वीस त्यांनी ठेवीत घातले. दोन लाखांचे रीटचे हिस्से घेतले, ते मुलीच्या आग्रहाने. उरलेले आठ हाताशी ठेवून ते आता काचीगुड्यातल्याच एका जुन्या इमारतीत दोन खोल्यांचे घर पाहत आहेत, कमी पडेल ते कर्ज काढून. विकणाऱ्या बाईंनी मागचे चार दस्त मागताक्षणी दिले. पाचवा, १९७१ चा, उर्दूत आहे. तो त्यांनी परवा माझ्याकडे आणून दिला. विक्रेत्याचे नाव, चतुःसीमा, साक्षीदार, सगळे जुळते आहे. उत्तरेची हद्द 'बावडी' अशी लिहिली आहे. ती विहीर आता कुठे आहे, बुजवली असेल तर कोणाच्या हद्दीत, हे पाहायला आम्ही येत्या रविवारी सकाळी वर्ग सुटल्यावर जाणार आहोत.